फुलपाखरं हवी असतील तर आधी अळ्यांची सोय करा

बागेत फुलपाखरं यावीत म्हणून बहुतेक जण काय करतात, तर नर्सरीत जाऊन भरपूर रंगीत फुलझाडं आणतात. आणि येतात फुलपाखरं, नाही असं नाही, पण दोन मिनिटं टेकतात, मध पितात आणि कुंपणावरून निघून जातात, कारण त्यांच्यासाठी ती वाटेतली पाणपोई झाली, घर नाही झालं. घर म्हणजे जिथे मादीला अंडी घालायला तिच्या पसंतीचं झाड मिळतं ती जागा. मी स्वतः पहिली दोन वर्षं नुसती फुलंच लावत होते, आणि लिंबाच्या कुंडीत पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं की पाण्याच्या फवाऱ्याने उडवून टाकत होते. ती शीट नव्हती, लाइम बटरफ्लायची लहान अळी होती, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं सोंग होतं ते. हे कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं, आणि तेव्हापासून सगळी मांडणीच उलटी केली, आधी अळ्यांची झाडं, मग फुलं.

तर पहिलं काम, होस्ट प्लांट म्हणजे खाद्यझाड. मोठं फुलपाखरू कुठल्याही फुलावरचा मध पिऊ शकतं पण अळीचं तसं नसतं, तिला ठरावीक झाडाचीच पानं चालतात, दुसऱ्या पानांवर ठेवलीत तर उपाशी मरेल पण खाणार नाही. म्हणून मादी फार चोखंदळ असते. एकदा नीट बघा, ती पानावर बसते आणि पुढच्या पायांनी पटापट थापा मारते, फुलपाखरांना पायांनी चव कळते, त्या थापांमधून ती पान ओळखते आणि पटलं तरच पोट वाकवून अंडं चिकटवते. नाही पटलं की पुढच्या पानावर.

आता कुठलं झाड कोणासाठी ते सांगते, यातली जी तुमच्याकडे सहज वाढतात तेवढीच घ्या. लिंबू आणि कढीपत्ता ही सुरुवातीला सगळ्यात खात्रीची, कुंडीत होतात आणि लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉर्मन दोघांनाही चालतात. रुई आणि हळदीकुंकू (लाल-पिवळ्या फुलांचं, नाजूक झुडूप असतं ते) प्लेन टायगरसाठी. या झाडांच्या चिकातलं विष अळी खाते आणि अंगात साठवते, त्यामुळे मोठं झाल्यावर पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. अमेरिकेतलं प्रसिद्ध मोनार्क पण याच कुळातल्या झाडांवर वाढतं. फक्त तो पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फांदी छाटल्यावर हात स्वच्छ धुवा. कण्हेरीवर कॉमन क्रो येतं, आणि त्याचा कोष चकचकीत चांदीसारखा असतो, पानाखाली कोणी दागिना अडकवून ठेवलाय असं वाटतं. हिरवा अशोक आणि सीताफळ टेल्ड जेसाठी, एरंड कॉमन कॅस्टरसाठी, बहावा नाहीतर टाकळा कॉमन एमिग्रंटसाठी, आंब्यावर कॉमन बॅरन, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, कोरांटीवर लेमन पॅन्सी. यातली कण्हेर, एरंडाच्या बिया आणि चीक असलेली रुई, हळदीकुंकू विषारी असतात, त्यामुळे घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर ही सोडून द्या, बाकी भरपूर आहेत.

जागा अगदीच कमी असेल, समजा फक्त बाल्कनीचा कठडा, तर पानफुटी लावा. रेड पिअरो नावाचं छोटंसं फुलपाखरू आहे, वरून काळं, त्यावर केशरी पट्टा, त्याची अळी चक्क पानफुटीच्या जाड पानाच्या आत राहते. पान उजेडासमोर धरलंत तर आतला गर पोखरलेला आणि मधे सरकणारी सावली दिसते. ते पान सडलंय म्हणून तोडू नका.

एका जातीचं एकच झाड आणू नका, दोन-तीन आणा. कारण शेवटच्या टप्प्यातली अळी जे खाते ते खाणं असतं. अळी साधारण चार वेळा कात टाकते म्हणजे तिचे पाच टप्पे होतात, पहिल्या तीन-चारांत तर पानं खाल्लेली लक्षातही येत नाहीत आणि मग शेवटच्या चार-पाच दिवसांत अख्खी फांदी बोडकी. लिंबाचं छोटं रोप असेल तर पूर्ण झाडच बोडकं होतं. घाबरू नका, मुळं धड असतील तर झाड परत फुटतं, माझं लिंबू वर्षातून तीनदा बोडकं होतं आणि तीनदा पालवतं. पण तोपर्यंत दुसऱ्या अळ्यांना खायला काही हवं, म्हणून दोन-तीन झाडं.

लिंबावरच्या अळीला हलकंच बोट लावून बघितलंय का कधी? शेवटच्या टप्प्यात ती हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर-केशरी अवयव बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो, मुंग्या आणि गांधीलमाश्यांना हाकलण्यासाठी असतो तो. एकदा बघा, परत परत त्रास देऊ नका. आणि केसाळ सुरवंट दिसला तर हात लावायचाच नाही, ते बहुतेक पतंगांचे असतात आणि काहींच्या केसांनी अंगावर जळजळ होते.

फुलांबद्दल थोडक्यात. झिनिया, कॉसमॉस, पेंटास, सदाफुली, एक्झोरा, झेंडू ही सगळी चांगली. पण घेताना एकेरी पाकळ्यांची घ्या. गच्च दुहेरी पाकळ्यांची फुलं दिसायला भारी असतात पण त्यात बऱ्याचदा मध कमी असतो, किंवा असला तरी सोंड तिथपर्यंत पोचत नाही. एका रंगाची फुलं एका ठिकाणी घोळक्याने लावा, इथे एक तिथे एक असं नको, लांबून उडताना घोळकाच दिसतो. आणि वर्षभर काहीतरी फुललेलं राहील असं बघा. घाणेरी म्हणजे टणटणीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं आहे, पण ती पक्ष्यांमार्फत रानात पसरते आणि तिथल्या मूळच्या झाडांना जगू देत नाही, म्हणून मी लावत नाही आणि तुम्हीही लावू नका असंच म्हणेन, पेंटासने तेच काम होतं.

कुंड्या कुठे ठेवायच्या हेही महत्त्वाचं आहे. फुलपाखराचं अंग थंड असताना त्याला उडता येत नाही, छातीचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापावे लागतात, म्हणून सकाळी ती पंख पसरून उन्हात बसलेली दिसतात. तेव्हा पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा, तिथे एक-दोन चपटे दगड ठेवा, आणि वारा फार असेल तर एका बाजूने उंच झुडपांचा आडोसा करा.

पाण्याचं भांडं ठेवू नका, त्यांना चिखल लागतो. एक उथळ ताटली घ्या, माती आणि वाळू भरा, मूठभर कंपोस्ट, चिमूटभर मीठ, आणि रोज फक्त ओली करा, पाणी साचू द्यायचं नाही नाहीतर डास होतात. याला चिखलपान म्हणतात, मुख्यतः नर करतात, मातीतले क्षार शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात, तो पुढे अंड्यांच्या कामी येतो. लगेच येतील असं नाही, माझ्याकडे ताटली महिनाभर रिकामी होती, मग एक दिवस सकाळी तीन पिवळी फुलपाखरं शेजारी शेजारी बसलेली. पिकून काळं पडलेलं केळं सावलीत ठेवलंत तर बॅरनसारखी जी फुलांवर फारशी जात नाहीत तीही येतात. साखरपाण्याची गरज नाही, त्याने मुंग्याच जास्त येतात.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट, फवारणी बंद करा. पूर्ण बंद. अर्धी बंद असं काही नसतं. आणि "नैसर्गिक आहे" म्हणून नीम ऑइल मारणारे खूप आहेत, पण कडुलिंबातल्या घटकाने अळीचं कात टाकणंच बिघडतं. बीटी नावाची जी जैविक पावडर मिळते ती तर पानं खाणाऱ्या अळ्यांसाठीच बनवलेली आहे, तिला फुलपाखराची अळी आणि कोबीवरची अळी यातला फरक कळत नाही. मावा झाला असेल तर पाण्याचा जोर द्या, मिलीबग कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, पण आधी पानाखाली अंडी आहेत का बघा, लिंबावरचं अंडं मोहरीपेक्षाही छोटं, फिकट पिवळं, गोल असतं. नर्सरीतून आणलेल्या रोपांचंही बघा. मी एकदा हळदीकुंकूचं छान तरारलेलं रोप आणलं, त्याच आठवड्यात त्यावर प्लेन टायगरने अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत सगळ्या मरून पडल्या. विचारल्यावर कळलं की विक्रीच्या आधी त्याला औषध दिलेलं होतं. काही औषधं झाडाच्या रसात मुरतात, वरून धुऊन जात नाहीत. म्हणून नवीन रोप आणलं की विचारून घ्या, शक्य असेल तर बियांपासून किंवा फांदीपासून आपणच करा.

झाडलोट पण जरा कमी करा. अळी कोषात जायच्या वेळी खाणं सोडून भटकायला लागते आणि बऱ्याचदा झाड सोडून भिंतीला, कुंडीच्या काठाखाली, वाळक्या काटकीला जाऊन चिकटते. बरेच कोष अगदी वाळक्या पानासारखे दिसतात. मी छाटलेल्या फांद्या लगेच फेकत नाही, कोपऱ्यात ढीग करून ठेवते.

सगळ्या अळ्या मोठ्या होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. बारीक गांधीलमाश्या त्यांच्या अंगात अंडी घालतात, कोळी, पक्षी, सरडे खातात. तेही बागेतलेच आहेत, त्यांना मारू नका.

कोषातून फुलपाखरू उबदार हवेत साधारण आठ ते चौदा दिवसांत निघतं, थंडीत मात्र काही कोष महिनोन्महिने तसेच राहतात, मेला समजून टाकू नका. आदल्या दिवशी कोष गडद होतो, काही जातींत पंखांचे रंगही आतून दिसतात. बहुधा सकाळी निघतं. निघताना पंख ओले, चुरगळलेले, इवलेसे असतात, मग ते उलटं लटकतं आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतं, बघता बघता पंख उलगडतात. त्याच वेळी लालसर-तपकिरी थेंब खाली पडतात, ते रक्त नाही, कोषातला साठलेला कचरा असतो. पुढचे एक-दोन तास पंख वाळेपर्यंत हात लावू नका. फक्त ते खाली पडलेलं असेल तर तेवढं करा, त्याच्या पायाशी एक खरखरीत काडी धरा, ते स्वतः चढेल, मग ती काडी झाडाला उभी टेकवून ठेवा, खालच्या बाजूला पंख लटकायला जागा राहील अशी.