सातारच्या मुलांनी ‘एसएससी जीडी’ची तयारी कशी करावी

सीमेवरचा पहारा, निवडणुकीचा बंदोबस्त, नक्षलग्रस्त भागातील कारवाई, विमानतळावरील तपासणी ही सारी कामे बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ यांसारखी केंद्रीय दले करतात. ‘एसएससी जीडी’ म्हणजे कर्मचारी निवड आयोगाने (एसएससी) घेतलेली या दलांतील शिपाई (जनरल ड्युटी) पदाची भरती. ती दहावी उत्तीर्ण, १८ ते २३ वयाच्या मुलामुलींसाठी असते आणि राखीव प्रवर्गांना वयात सवलत मिळते. घरोघरी सैनिक असलेले अपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्यात आहे त्या आपल्या जिल्ह्यातही अनेक जण पोलीस भरती हुकल्यावरच तिच्याकडे वळतात, आणि तीच तयारी येथे चालेल असे धरून बसतात. ती चालत नाही.

मोठा फरक धावण्यात आहे. पोलीस भरतीत मुले १६०० मीटर धावतात. येथे ५ किलोमीटर २४ मिनिटांत पूर्ण करावे लागतात, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण १ मिनिट ५५ सेकंदांत. सोळाशेची सवय असलेला मुलगा पहिल्या चार फेऱ्या जोरात मारतो आणि आठवीला त्याचा दम तुटतो. म्हणून सुरुवातीला वेळ न मोजता, बोलता येईल इतक्याच वेगाने, अर्धा-पाऊण तास सलग धावावे. फेरीचा वेग त्यानंतर बसवावा. यवतेश्वरचा घाट आठवड्यातून एकदाच आणि तोही चढताना धावावा. उतरताना चालत यावे, नाहीतर नडगी आणि गुडघे धरतात. मुलींना १६०० मीटर साडेआठ मिनिटांत धावायचे असते.

धावणे मात्र केवळ पात्रतेपुरते असते. गुणवत्ता यादी लागते ती संगणकावरील परीक्षेवर. तीत ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. हिंदी किंवा इंग्रजीचा विभाग तरीही राहतोच. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असल्यास ५ टक्के अधिक गुण मिळतात.

उंचीची अट मुलांना १७० आणि मुलींना १५७ सेंटिमीटर आहे. मराठा उमेदवारांना ती अनुक्रमे १६५ आणि १५५ आहे. ही सवलत हवी असेल, तर जाहिरातीच्या परिशिष्टातील नमुन्याची प्रत काढून तहसील कार्यालयात न्यावी आणि त्याच नमुन्यात प्रमाणपत्र घ्यावे. केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जागा राज्यनिहाय असल्याने अधिवास प्रमाणपत्रही त्याच फेरीत मागून घ्यावे.