झाकण उघडण्याआधी: जुन्या ऑसिलोस्कोपचा पंखा

जुन्या ऑसिलोस्कोपचा (विजेचा सिग्नल स्क्रीनवर रेषेसारखा दाखवणाऱ्या उपकरणाचा) पंखा बदलायचा तर पहिलं काम पेचकसाचं नाही, अगरबत्तीचं आहे. पंखा घरघरत का होईना, पण फिरत असेल तर ऑसिलोस्कोप अर्धा तास चालू ठेवा आणि पंख्याच्या जाळीपासून चार बोटं अंतरावर पेटलेली अगरबत्ती धरा. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, ते वहीत लिहा. काही उपकरणांत पंखा बाहेरची हवा आत भरतो, काहींत आतली गरम हवा बाहेर फेकतो. नवा पंखा उलटा बसवला तरी तेवढ्याच उत्साहाने फिरतो, म्हणून ही चूक दिसत नाही.

त्याच बैठकीत हवा जिथून बाहेर पडते तिथे मल्टीमीटरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) धरून तापमान घ्या आणि खोलीचं तापमान शेजारी लिहा. आमच्या फोंड्यात मे महिन्याच्या दुपारी घेतलेला आकडा जुलैतल्या आकड्याशी ताडून काही कळत नाही. कामाचा असतो तो दोन्हींतला फरक. नवा पंखा बसल्यावर हा फरक वाढता कामा नये. हे टिपण नसेल तर पंखा चांगला की वाईट हे ठरवायला फक्त कान उरतात, आणि कान इथे हमखास फसवतात. पंखा अडकूनच बसला असेल तर मात्र हे सगळं सोडा, उपकरण चालू करूच नका.

आता खरेदी. माझं मत थोडं कडवट आहे: ‘आवाजच येत नाही’ म्हणून विकला जाणारा पंखा घेऊ नका. जुनी उपकरणं दाटीवाटीची असतात, हवेला सर्किटच्या कार्डांच्या फटींतून वाट काढावी लागते. तिथे मोकळ्या हवेत किती वारा सुटतो यापेक्षा अडथळ्यापुढे पंखा किती जोर धरतो हे महत्त्वाचं, आणि बिनआवाजी पंखा सहसा तिथेच कमी पडतो. जुना पंखा 38 मिमी जाड असेल तर 25 मिमीचा पंखा भोकांवर बरोबर बसेल, पण तो जोर सहसा देणार नाही. भोकांचं अंतर फूटपट्टीने नीट मोजा: 80 मिमीच्या पंख्याला 71.5, 92 मिमीला 82.5 आणि 120 मिमीला 105 मिमी. बेअरिंग बॉलचंच घ्या, साध्या बुशचं (गोळ्यांऐवजी नुसती नळी असलेलं) नको.

व्होल्टेज लेबलावर वाचा, अंदाज करू नका. अमेरिकन उपकरणांत 115 व्होल्ट एसीचा पंखा बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (बाहेरची वीज घेणाऱ्या गुंडाळीच्या) एका भागावर जोडलेला असतो. बाहेर 230 व्होल्टची वायर आहे म्हणून 230 व्होल्टचा पंखा आणला तर तो जेमतेम हलेल. त्याजागी डीसी पंखा टाकायचा मोह होतो, पण त्याच्या मोटरची खरखर सप्लायमध्ये उतरते आणि बारीक सिग्नल पाहताना स्क्रीनवर भेटते. पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलणारं सर्किट असेल तर थंड असताना मिळणाऱ्या कमी व्होल्टेजवर नवा पंखा सुरू होतो का, हे बसवण्याआधी टेबलावरच तपासा. पणजी-मडगावच्या संगणकाच्या दुकानांत साधा 80 मिमीचा पंखा मिळून जातो. 38 मिमी जाडीचा किंवा 115 व्होल्टचा हवा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागतो. तो हातात पडल्याशिवाय पेटी उघडू नका. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत आठ दिवस उघडी राहिलेली पेटी पंख्यापेक्षा मोठं दुखणं घेऊन बसते.

हत्यारं थोडकीच. ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीच्या जुन्या पेट्यांत पोझिड्राइव्ह (चौफुलीसारखे दिसणारे, पण वेगळ्या खाचेचे) स्क्रू असतात, टेकट्रॉनिक्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या 2400 मालिकेत टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे). साधा चौफुली पेचकस लावलात तर पोझिड्राइव्हचं डोकं गोल होणार, त्यातून गंज धरलेला असला तर झालंच. आदल्या रात्री गंजलेल्या स्क्रूंवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडा. आटे बहुतेक वेळा इंचाच्या मापाचे असतात, 4-40 किंवा 6-32 (पहिला आकडा जाडीचा, दुसरा इंचातल्या आट्यांचा). मिलिमीटरवाला स्क्रू दोन फेरे गोड बोलून जातो आणि मग आटे खातो, म्हणून जुने स्क्रू पंख्याबरोबर फेकू नका. जाळीमागचा फोम असेल तर त्याचाही तुकडा आणून ठेवा. दमट हवेत जुना फोम चिकट भुकटी होतो, हात लावताच पडतो.

सुरक्षेपुरतं एवढंच: वायर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करू नका. स्विचिंग सप्लायच्या (ट्रान्सफॉर्मरआधीच वीज डीसी करणाऱ्या सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास दाब राहतो, तो मीटरने शून्यावर आलेला पाहा. पिक्चर ट्यूबच्या जाड लाल वायरच्या वाटेला जाऊच नका, तिथे हजारांत व्होल्ट असतात. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ती भन्नाट फिरून मोटर वीज तयार करते आणि ती सर्किटात परत जाते.

मोबाईल चार्ज करून ठेवा, वायर काढण्याआधी कनेक्टरचे फोटो घ्या. पंख्याखालचे रबरी बुश जुन्याच पंख्यावर चिकटून राहतात, ते सांभाळून सोडवा. नव्या पंख्यासोबत येत नाहीत.