भंतेजींशी निवांत बोलायचं असेल तर

बौद्ध विहारात जावं तर वयस्कर भंतेजी, म्हणजे भिक्खू, बाहेरगावी असतात, नाहीतर पाच मिनिटांत भेट उरकते.

१. वर्षावासात जा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एकाच विहारात मुक्कामी असतात. मग संभाजीनगर असो की नांदेड.

२. आदल्या दिवशी भोजनदानाचं विचारून ठेवा आणि डबा ११ च्या आत पोचवा. दुपारी १२ नंतर ते जेवत नाहीत. ज्वारीची मऊ भाकरी, वरण, कमी तिखटाची भाजी न्या; म्हाताऱ्या दातांना तेच झेपतं.

३. ‘वंदामि भंते’ म्हणून खाली बसा. आधी त्यांच्या गावाचं, शेताचं विचारा, धम्माचे प्रश्न नंतर. माझ्या अनुभवात तिथूनच ते मोकळे होतात.

बायांनी मात्र पाय शिवू नयेत, थोडं अंतर ठेवून वंदन करावं.