टीएलआर-४वर प्रयोग करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की गुळाचा, हळदीचा नाहीतर एखाद्या झाडपाल्याचा अर्क मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींवर, पडतो. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन वाढलं की निष्कर्ष तयार: अर्क टीएलआर-४ला, म्हणजे पेशीच्या पटलावरच्या जंतू ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनाला, जागं करतो. अहो, पण अर्कात एलपीएस किती आहे ते पाहिलं का? ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातलं हे एंडोटॉक्सिन पानांवर, पाण्यात सगळीकडे असतं, आणि मॅक्रोफेजना मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमसुद्धा पुरतो.

यात मोठमोठे फसले. २०००च्या आसपास एचएसपी-६० आणि एचएसपी-७० ही पेशीवर ताण आला की वाढणारी प्रथिनं टीएलआर-४ला चेतवतात असं प्रसिद्ध झालं. प्रथिनं ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूत बनवलेली. पुढे एलपीएस काढून टाकलेली प्रथिनं वापरली, तर तो परिणाम दिसेना.

‘ऑटोक्लेव्ह केलंय’, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलंय, हे उत्तर चालणार नाही. १२१ अंशांना जिवाणू मरतात, एलपीएस टिकतं. काचसामान २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडं तापवा. अर्काची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, पण वनस्पतींतलं बीटा-ग्लुकन तिला फसवतं, म्हणून ग्लुकन अडवणारं बफर वापरा. शिवाय पेशींच्या ताटलीतल्या एका वेलमध्ये (खळग्यात) एलपीएसला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी हवंच, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. त्या वेलमध्ये टीएनएफ कोसळलं, तर श्रेय अर्काचं नाही. हा कंट्रोल वेळ नाही म्हणून गाळणाऱ्यांचे आकडे बघूच नयेत.

दुसरी चूक रचनेची. टीएलआर-४चा बाहेरचा भाग घोड्याच्या नालासारखा वाकलेला, पटलातून एकदाच आरपार गेलेला, आत संदेश पुढे देणारा टीआयआर भाग. पण एलपीएस त्या नालात बसत नाही, शेजारच्या एमडी-२ या प्रथिनाच्या खोबणीत बसतं. त्याच्या सहा मेदशेपट्यांपैकी पाच आत जातात, सहावी बाहेर राहून दुसऱ्या टीएलआर-४ला धरते, तेव्हा जोडी जमते आणि संदेश निघतो. म्हणूनच एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत नुसतं टीएलआर-४चं जनुक घालून काही होत नाही. एमडी-२ लागतं, आणि एलपीएस एमडी-२कडे सोपवणारं सीडी-१४ही घालावं.

पेशींच्या माध्यमातलं सीरम काढून टाकलंत तर एलपीएस पोचवणारं एलबीपी हे प्रथिनही गेलं, प्रतिसाद मंदावणारच.

एलपीएस नळीच्या भिंतीला चिकटतं. दर वेळी काढण्याआधी व्हॉर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळा.

स्वस्तातल्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीन असतात, ती टीएलआर-२ या दुसऱ्याच ग्राहकाला चेतवतात. अतिशुद्धच मागवा.

आणि नुसतं टीएनएफ मोजून थांबू नका. पटलावरून मायडी-८८ या संदेशवाहक प्रथिनाचा मार्ग चालतो, ग्राहक एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या पिशवीत) ओढला गेल्यावर ट्रिफ या दुसऱ्या प्रथिनाचा. या ट्रिफच्या मार्गासाठी इंटरफेरॉन-बीटा मोजावं लागतं.