वापरलेली गाडी घेताय? निदान या चुका तरी टाळा

वापरलेली गाडी पाहायला सोबत चला असे कोणी म्हटले, की मी पहिला प्रश्न विचारतो: टोकन (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिले का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असते. टोकन देऊन झाल्यावर माणसाला गाडीतले दोष ऐकायचे नसतात, आपला निर्णय योग्य आहे एवढेच ऐकायचे असते. ‘आज संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याला पाठ असते, आणि पहिल्यांदा गाडी घेणारा प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवतो. गाडी दोनदा, त्यातही एकदा भर दिवसा पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. एवढे पाळले तरी पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत.

रंग पाहणे आणि सीटबेल्ट न ओढणे

ही माझ्या दृष्टीने पुण्यातली सर्वांत महाग चूक आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत उभ्या असलेल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात सोसायट्यांची पार्किंगे पाण्याखाली गेली. अशा सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. काहींचे गालिचे वाळवले जातात, आसनांना नवी कव्हरे चढतात, आतून सुगंधी फवारा मारला जातो आणि त्या पुन्हा विक्रीला उभ्या राहतात.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने अशीच एक डिझेल सेडान पसंत केली होती. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी होती, मीटरवर किलोमीटर कमी होते आणि रंग आरशासारखा होता. मी चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ होती. आसन पुढे सरकवून पाहिले तर खालच्या रुळांच्या बोल्टांवर गंज होता, आणि डिकीतली स्टेपनी उचलल्यावर त्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ बोटाला लागला. विक्रेता म्हणाला, धुणाऱ्या पोराने आत पाइप मारला असेल. तरुण म्हणाला, “काका, इंजिन तर किती स्मूथ आहे बघा ना!” टोकन अर्थातच आधी दिलेले होते. गाडी घेतली गेली.

इंजिन खरोखरच चांगले होते आणि पुढेही चांगलेच राहिले, कारण त्याचे तेल बदलता येते. वायरिंगचे तसे नसते. पुढच्या पावसाळ्यात काचा आपोआप खाली जाऊ लागल्या, एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेना, आणि मग एके दिवशी सेंट्रल लॉकने आतून दाद देणे बंद केले. गॅरेजवाल्याने चालकाच्या पायाजवळचा कनेक्टर सोडवून दाखवला, तेव्हा त्यातल्या पिनांवर हिरवट भुकटी साचलेली होती. पाण्यात बुडालेल्या गाडीचा रोग असा महिन्यांनी बाहेर येतो आणि एक जोड दुरुस्त केला की शेजारचा बिघडतो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून गाडी पाहायला जाताना मी एक टॉर्च आणि एक जुनी चिंधी नेतो. चारही सीटबेल्ट पूर्ण ओढतो, पायाखालचे गालिचे उचलतो, बॉनेट आणि दरवाजांच्या बोल्टांवर पान्याचे व्रण आहेत का ते पाहतो. व्रण असतील तर तो भाग कधीतरी उघडलेला आहे. बंपर घासलेला असणे हा पुण्याच्या रहदारीत दोष मानता येत नाही; पण बॉनेटखालचा एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) ठोकून सरळ केलेला असेल किंवा दरवाजाच्या खांबावर जोडकाम असेल तर तिथूनच परत फिरावे.

इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून पाहावे. विक्रेत्याला सांगून ठेवावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी झाकते. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सिलिंडरच्या आत शिरते आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याखाली दुधाळ साय दिसते का, तेही पाहावे.

मीटरवर अजिबात विसंबू नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून जुन्या नोंदी निघतात. त्या मालकाकडून मागवून घ्याव्यात. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पेडलवरचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकाकते झालेले असेल, तर काय समजायचे ते समजावे.

कागद नंतर पाहू

नंतर कोणी पाहत नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलने, पीयूसी, हे सगळे पूर्ण रक्कम देण्यापूर्वीच उरकावे. आरसी नावावर होईपर्यंत विमाही आपोआप नीट चालतो असे समजणारे लोक मला अजूनही भेटतात. विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांच्या मोहात पडणाऱ्यांनी तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हिशेबात धरून मग स्वस्ताई मोजावी.

कोथरूडहून डेक्कनला जाण्यासाठी डिझेल

बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण निकषांच्या) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करण्यासाठी गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. कर्वे रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, आणि अखेर गाडी ताकद कमी करून चालू लागते. रोजचा प्रवास शहरातला आणि छोटा असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्यावी. सीएनजी घेतली तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी आणि तिची तारीख गाडी घेतानाच पाहावी.

काटा वर गेला की पाणी ओतणे

दुसरी माझ्या खास रागाची चूक. शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली रांग खंबाटकीच्या चढावर अडकते, एसी पूर्ण चालू असतो, गाडी पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकत असते आणि तापमानाचा काटा वर चढू लागतो. इथे घायकुते चालक दोन गोष्टी करतात: एकतर ‘वर पोहोचलो की थांबू’ म्हणत तशीच रेटतात, किंवा थांबून लगेच रेडिएटरचे झाकण उघडतात आणि बाटलीतले गार पाणी ओतू लागतात. पहिल्या प्रकारात ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि त्याखालची सील, हेड गॅस्केट, जाते. दुसऱ्या प्रकारात दाबाखालचे उकळते कूलंट उसळून चेहरा आणि हात भाजतात, आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडून तडा जाण्याची भीती वेगळीच.

काटा वर सरकताना दिसताच एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावावा. आत उकडते, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी, काटा लालपर्यंत गेला असेल तर इंजिन बंद करावे, आणि झाकणाला हात न लावता निवांत वाट पाहावी. मी निदान अर्धा-पाऊण तास थांबतो. घरी आल्यावर केवळ कूलंट भरून विषय संपवू नये. रेडिएटरचा पंखा फिरतो का, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला आहे का, वॉटर पंपाखाली गळती आहे का, हे शोधायलाच हवे, कारण कूलंट उगाच कमी होत नसते. रोज थोडे थोडे नळाचे किंवा टँकरचे पाणी भरत राहणे हा तर आजार लपवण्याचा प्रकार झाला. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात आणि आतून गंज धरतो. कंपनीने सांगितलेलेच कूलंट भरावे आणि पातळी इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पाहावी.

घाटातली आणखी एक सवय सोडावी: ताम्हिणी किंवा वरंधा न्यूट्रलमध्ये उतरणे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलने बचत काही होत नाही, सगळा भार मात्र ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, जुने झालेले तापून उकळते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. ते दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चालली असो.

उरलेल्या चुका थोडक्यात. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करू नये; हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचे जादा कवच घेतलेले नसेल तर तो खर्च विम्यात मिळणे कठीण. टायरची नक्षी चांगली आहे म्हणून टायर चांगला असे नाही. बाजूच्या भिंतीवरचे ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा, तेवढे वाचायला शिकावे. डिझेल इंजिनाचे ऑइल लवकर काळे पडते, त्याला घाबरू नये; पण वर्षभर बदलले नसेल तर किलोमीटर कमी झाले ही सबब सांगू नये. उंदरांवर तंबाखूच्या पानांपासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत सगळे उपाय लोक करतात. मी गाडीत खाणे बंद ठेवतो आणि दिवसाआड ती हलवतो, तेवढ्याने माझे भागले आहे.

सर्व्हिसिंगला गाडी देताना इंजिन फ्लश, कोटिंग, डीकार्बनायझिंग अशी यादी पुढे केली जाते. मॅन्युअलमध्ये जे लिहिलेले नाही त्याला मी नाही म्हणतो आणि बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगतो. सुटे भाग नाना पेठेत स्वस्त मिळतात हे खरे. फिल्टर, वायपर असे काही तिथून जरूर आणावे, मात्र ब्रेक पॅड आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) पक्क्या बिलाशिवाय घेऊ नयेत. टायमिंग बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून वापरलेल्या गाडीत तो कधी बदलला याचा कागद मिळाला नाही, तर बदललेला नाही असेच धरून पहिल्याच सर्व्हिसिंगला नवा बसवून घ्यावा.