शेंगदाण्याच्या लाडवाचे पोषण-लेबल: वजनकाट्यापासून पाकिटापर्यंत

घरी केलेला पदार्थ ओळखीच्या चार घरांपलीकडे, दुकानात किंवा प्रदर्शनात विकायला ठेवला की पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता हवा, ही गोष्ट लवकरच समोर येते. तेव्हा पुष्कळजणी एखाद्या तयार पाकिटावरचे आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवून घेतात. तसे करू नये. ते आकडे दुसऱ्याच्या कृतीचे असतात, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस आपले लेबल वाचून एक लाडू खायचा की दोन, हे ठरवत असतो. स्वतःचे आकडे काढणे अवघड नाही. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा, एक वही आणि निवांत दुपार पुरते. नमुन्यादाखल येथे शेंगदाणा-गुळाचे लाडू घेतले आहेत.

पहिले काम म्हणजे कृती ग्रॅममध्ये लिहिणे. ‘दोन वाट्या दाणे, दीड वाटी गूळ’ हे प्रमाण स्वयंपाकाला ठीक आहे, लेबलाला नाही, कारण चिरलेला गूळ वाटीत सैल भरला की दाबून भरला यानेच बराच फरक पडतो. दाणे भाजून, सोलून, पाखडून झाल्यावर त्यांचे वजन करावे, कारण भाजताना पाणी जाते आणि पाखडताना टरफले जातात. लाडवात जे पडते तेच मोजायचे. समजा, असे भाजलेले सोललेले दाणे ६०० ग्रॅम, गूळ ३७५ ग्रॅम आणि तूप २५ ग्रॅम घेतले. एकूण १००० ग्रॅम झाले.

लाडू वळून झाल्यावर ते सगळे पुन्हा काट्यावर ठेवले, तर १००० ऐवजी ९८० ग्रॅम भरतात. उरलेले २० ग्रॅम कुठे गेले, हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमकी येथेच चूक होते. मिक्सरच्या भांड्याला, परातीला आणि हाताला चिकटून मिश्रण गेले असेल, तर दाणे, गूळ आणि तूप तिन्ही त्याच प्रमाणात गेले; लाडवाची घडण बदलली नाही, म्हणून १०० ग्रॅममागचे आकडे काढताना घटकांच्या पोषणमूल्यांच्या बेरजेला १००० नेच भागायचे. पण गुळाचा पाक करून वड्या थापल्या असत्या आणि २० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले असते, तर प्रथिने, साखर आणि तूप तेवढेच राहून एकूण वजन कमी झाले असते, आणि तेव्हा ९८० ने भागावे लागले असते. पाक, आटवलेला खवा, परतलेली चटणी या सर्वांना हा भेद लागू होतो. खात्री करायची असेल तर रिकामी कढई आधी मोजून ठेवावी आणि पदार्थ काढल्यानंतर ती न धुता पुन्हा मोजावी. वाढलेले वजन म्हणजे चिकटलेला माल, आणि बाकीची तूट पाण्याची.

आता प्रत्येक घटकात काय असते ते पाहायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’ हे आपल्या अन्नासाठी विश्वासाचे साधन आहे. त्यात ५२८ पदार्थांचे विश्लेषण आहे. ते वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, म्हणून किलोकॅलरी हव्या असतील तर ४.१८४ ने भागावे. शिवाय त्यात कर्बोदके आणि तंतू (फायबर) वेगळे दाखवलेले आहेत; दुसऱ्या एखाद्या तक्त्यात तंतू कर्बोदकांतच धरलेले असतील आणि आपण दोन्ही तक्ते मिसळले, तर तंतू दोनदा मोजले जातात. सगळे घटक शक्यतो एकाच तक्त्यातून घ्यावेत.

हिशोब कळावा म्हणून येथे पूर्णांकी आकडे घेऊ. १०० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत प्रथिने २५, स्निग्ध पदार्थ ४२, कर्बोदके १८ आणि तंतू ११ ग्रॅम धरू. गुळात कर्बोदके ८५ आणि प्रथिने २ ग्रॅम. तूप म्हणजे सगळा स्निग्ध पदार्थच. दाण्यांची प्रथिने १५० ग्रॅम आणि गुळाची साडेसात मिळून १५७.५ ग्रॅम होतात, म्हणजे १०० ग्रॅम लाडवात १५.८. स्निग्ध पदार्थ २५२ अधिक २५, म्हणजे १०० ग्रॅममागे २७.७. कर्बोदके १०८ अधिक ३१८.७५, म्हणजे ४२.७. तंतू ६.६. ऊर्जेसाठी प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४, स्निग्धाला ९ आणि तंतूंना २ किलोकॅलरी धरल्या की १०० ग्रॅम लाडवात सुमारे ४९६ किलोकॅलरी येतात.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध पदार्थ, संतृप्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट), ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या पदार्थांत येणारा अपायकारक स्निग्धांश), कोलेस्टेरॉल आणि सोडियम या गोष्टी सांगायच्या असतात. यांपैकी वरून घातलेल्या साखरेच्या रकान्यात घरगुती लेबले सर्वांत जास्त घसरतात. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून त्या रकान्यात शून्य टाकलेले मी अनेकदा पाहिले आहे. गूळ ही साखरच आहे. उसातूनच आलेली, रक्तात गेल्यावर साखरेसारखीच वागणारी. आपल्या १०० ग्रॅम लाडवात गुळातून आलेले ३१.९ ग्रॅम वरून घातलेल्या साखरेतच लिहायचे, आणि दाण्यांत मुळातच असलेली दोन-अडीच ग्रॅम साखर धरून एकूण साखर ३४ च्या आसपास जाते. मध आणि काकवी यांनाही हाच न्याय.

संतृप्त स्निग्धांश दाण्यांतूनही येतो, केवळ तुपातून नाही. दाण्यांत १०० ग्रॅममागे ७ ग्रॅम आणि तुपाच्या ६० टक्के धरल्यास तो १०० ग्रॅम लाडवात ५.७ ग्रॅम निघतो. कोलेस्टेरॉल मात्र फक्त तुपाचे. ट्रान्स फॅटमध्ये नैसर्गिकरीत्या असलेला अंश मोजत नाहीत, म्हणून तुपामुळे तेथे आकडा येत नाही; वनस्पती तूप वापरणाऱ्यांनी मात्र त्याच्या पाकिटावरचा आकडा घेतलाच पाहिजे. मीठ न घातल्यामुळे सोडियम अगदी थोडे आहे, तरी दाणे आणि गूळ यांतले तक्त्यावरून काढून लिहावे. हाच लाडू सोडून दाण्याची चटणी विकायची असेल, तर एका ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते हे ध्यानात ठेवून मीठही काट्यावरच मोजावे.

एका वेळच्या वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही सांगायचे असते. त्यासाठी नियमांत २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २२ ग्रॅम संतृप्त स्निग्धांश, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आधार दिले आहेत. हाताने वळलेले लाडू लहानमोठे होतात, म्हणून दहा लाडू एकत्र तोलून सरासरी काढावी. ती २५ ग्रॅम आली, तर एका लाडवातून ऊर्जा ६.२ टक्के, स्निग्ध पदार्थ १०.३ टक्के, संतृप्त स्निग्धांश ६.५ टक्के आणि वरून घातलेली साखर १६ टक्के मिळते.

तळणीच्या पदार्थांना ही रीत अपुरी पडते. चकलीने किती तेल प्यायले हे तळणीपूर्वी आणि तळणीनंतर कढईतले तेल तोलून अंदाजे कळते, पण पिठातले पाणीही त्याच वेळी उडत असल्यामुळे अशा मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणेच योग्य.

तक्त्याशेजारी घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी: शेंगदाणे, गूळ, तूप. शेंगदाणे आणि दुधाचे पदार्थ यांची ॲलर्जीसाठीची सूचना वेगळी लिहावी. शाकाहाराची खूण असलेले हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ आणि प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक विसरू नये. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी त्याच्या जोडीला खुशाल लिहावी, पण एकट्या मराठीवर भागत नाही. तिळाचे लाडू अमेरिकेतल्या दुकानात पोहोचणार असतील, तर तीळ आपल्याकडच्या ॲलर्जीच्या यादीत नसला तरी तेथे २०२३ पासून तो जाहीर करावा लागतो.

सगळी वजने आणि भागाकार तारखेसह वहीत ठेवावेत. तूप २५ चे ४० ग्रॅम केले, किंवा दाण्यांबरोबर खोबरे घालायचे ठरवले, की नवे पाकीट छापण्याआधी वहीचे नवे पान काढून पहिल्या वजनापासून हिशोब पुन्हा करावा.