आभासी की वास्तव? कागद पुढे धरा आणि ओळखा

मे महिन्यात नागपूरची दुपार म्हणजे पडदे ओढलेले, कूलर सुरू आणि खोलीत अंधार. प्रतिमांचा धडा शिकायला अशी खोली उत्तम. शाळेत आपण वस्तूच्या स्थितींचा तक्ता घोकतो आणि परीक्षा संपली की विसरतो. म्हणून तक्ता नंतर, आधी प्रतिमा हाताने पकडायची.

वाचायचं भिंग, कोरा पांढरा कागद, फूटपट्टी, मेणबत्ती, स्टीलचा चकचकीत चमचा आणि आरसा एवढं घ्या.

ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिचाच पडदा बाजूला सारा. समोरच्या भिंतीपुढे भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका जागी शेजारची गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी, कडुलिंब, सगळं रंगांसकट भिंतीवर उतरतं, उलटं. बाहेर फांदी हलली की भिंतीवरही हलते. प्रकाशाचे किरण तिथे खरोखर एकत्र येतात, म्हणून ही वास्तव प्रतिमा. आता भिंग ते भिंत अंतर मोजा. ते साधारण भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे दुरून आलेले किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एकत्र येतात ते. समजा, १० सेंटिमीटर आलं.

भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका आणि भिंग उन्हात विसरू नका. आपल्याकडच्या उन्हात कागद पेटायला वेळ लागत नाही.

आता कूलर पाच मिनिटं बंद करा, नाहीतर ज्योत थरथरत राहील. मेणबत्ती भिंगापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर पलीकडे १५ सेंटिमीटरवर कागदावर निम्म्या आकाराची ज्योत मिळते. २० वर ठेवली तर २० वरच, तेवढीच. १५ वर ठेवली तर ३० वर, दुप्पट. तिन्ही उलट्या. मेणबत्ती १० च्या आत आणली की कागद कितीही फिरवा, काहीच सापडत नाही. मग कागद बाजूला ठेवून भिंगातून पाहा: ज्योत सुलट आणि मोठी. किरण फाकत बाहेर पडतात आणि डोळा त्यांचा माग मागे काढतो. ही आभासी प्रतिमा.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: भिंग हाताने अर्धं झाकलं तर ज्योतीची प्रतिमा अर्धी होईल का? बहुतेक जण हो म्हणतात. करून पाहा, प्रतिमा पूर्णच राहते, फक्त मंद होते. कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात आणि उरलेला अर्धा भाग त्यांना त्याच जागी पोचवतो. माझ्या मते या धड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

भिंतीवरच्या आरशातली प्रतिमा आभासी असली तरी तिची जागा ठरलेली असते. आरशावर बोटाचा ठसा उमटवा, अर्ध्या मीटरवरून मोबाइलचा कॅमेरा धरा आणि स्क्रीनवर ठशाला टॅप करा. चेहरा धूसर होईल. चेहऱ्याला टॅप केलं की ठसा धूसर. कॅमेऱ्याला चेहरा एक मीटरवर दिसतो: अर्धा मीटर आरशापर्यंत आणि अर्धा मीटर आरशाच्या मागे.

शेवटी चमचा. आतल्या खोलगट बाजूत तोंड उलटं दिसतं, कारण तिथे प्रतिमा वास्तव असते, चमच्याच्या पुढे हवेत. बोटाचं टोक अगदी टेकवत न्या, ते सुलट होतं. बाहेरच्या फुगीर बाजूत मात्र काहीही करा, चेहरा सुलट आणि लहानच. मोटारसायकलच्या आरशात मागची गाडी दिसते तसा.